गोल्फसाठी संस्था काढावी म्हणतोय, सातारा भागात हे टिकंल का?

कोरेगावचा_पीटी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यात एका हायस्कूलला पीटी शिकवतो. विषय जरा वेगळाय, हसायचं तर हसा पण पूर्ण वाचा.

आमचे मेव्हणे अपशिंग्याचे, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांची शेवटची काही वर्षं मध्य प्रदेशात महूला गेली, तिथं कॅन्टोन्मेंटच्या गोल्फ कोर्सचं बघायचं काम त्यांच्याकडं होतं, म्हणजे माळी, पाणी, गवत कापायची मशीन सगळं. येताना साहेब लोकांनी टाकून दिलेल्या स्टिका आणि पोतंभर जुने बॉल घेऊन आले. मागच्या उन्हाळी सुट्टीत शाळेमागच्या माळावर त्यांनी पोरांना बॉल मारायला शिकवलं, आधी नुसता टाइमपास म्हणून, आणि आता पोरं शाळा सुटली की मेव्हण्यांच्या दारात जाऊन उभी. त्यात एक सातवीतली पोरगी आहे, घरी ऊसतोडीच्या टोळीत जाणारे आईवडील, ती असा मारते की मेव्हणे म्हणतात फौजेत इतकी वर्षं बघितलं पण इतका सरळ बॉल मेजर साहेबांचा पण जात नव्हता.

तर गावातल्या काही जणांचं म्हणणं पडलं की संस्था काढा, वर्गणी काढा, कंपन्यांकडं जावा. मला क्रीडा मंडळांचा अनुभव आहे, उद्घाटनाला आमदार येतात, फ्लेक्स लागतो, दुसऱ्या वर्षी जाळी गंजते. म्हणून विचारतोय, ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, बाहेर आणि भारतात गोल्फ वाढवायला आणि मुख्य म्हणजे टिकवायला अशा ना-नफा संस्थांनी नेमकं काय केलंय? पैसा कुठनं आणतात आणि कशावर घालवतात? आणि आपल्याकडं कोर्स नाही, क्लब नाही, फक्त माळ आहे, तर यातलं आपल्याला काय जमण्यासारखंय?

कृष्णाकाठचा_सांगलीकर

मास्तर राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. काय मर्दा, इथं तालमीत मॅट घ्यायला पैसे नाहीत, पोरं फाटक्या गादीवर लढत्यात, आणि तुम्ही गोल्फ काढताय. हा खेळ पैसेवाल्यांचा. शे-सव्वाशे एकर जागा, त्यात रोज पाणी, आणि खेळणार कोण तर ज्याच्याकडं मेंबरशिप हाय तो. आमच्या जत-आटपाडीला उन्हाळ्यात टँकर लागायचे ते अजून लोक विसरले नाहीत. वर्गणीच काढायची तर कुस्तीला काढा, कबड्डीला काढा. आणि पालक पहिला प्रश्न विचारणार दहावीला ग्रेस मार्क मिळत्यात का, त्याचं उत्तर तयार ठेवा.

बाकी पोरगी चांगली मारत असंल तर आनंदच हाय, तिच्याबद्दल काय नाही.

सातारकरीण_शिकागो

मास्तर, मी मूळची शाहूपुरीची, आता बरीच वर्षं इलिनॉयमध्ये. माझा मुलगा इथं मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या फर्स्ट टी नावाच्या कार्यक्रमात जातो आणि मी शनिवारी तिथं व्हॉलंटिअर म्हणून उभी असते, त्यामुळं जे बघितलंय ते लिहिते, जरा लांब होईल.

आधी सांगलीकर दादांना, तुमचा मुद्दा खराच आहे, इथं पण गोल्फ हा गोऱ्या श्रीमंतांचा क्लबातला खेळ म्हणूनच कितीतरी वर्षं होता. आणि नेमकं त्यामुळंच ना-नफा संस्था लागल्या. क्लब आपल्या मेंबरांसाठी असतो, त्याला बाहेरचं पोर आत घ्यायचं काही कारणच नसतं, मग ते दार उघडायला दुसरं कुणीतरी लागतं.

सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात आवडतं उदाहरण इथलंच शिकागोचं. चिक इव्हान्स नावाचा खेळाडू होता, लहानपणी कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचा. 1916 साली त्यानं यूएस ओपन आणि यूएस अमॅच्युअर (म्हणजे हौशी खेळाडूंची) दोन्ही स्पर्धा जिंकल्या. मग गोल्फ शिकवण्याच्या रेकॉर्डचे पैसे त्याला मिळणार होते, पण ते घेतले तर अमॅच्युअर म्हणून खेळता येणार नव्हतं. आईनं सुचवलं की हे पैसे कॅडी पोरांच्या शिक्षणाला लाव. त्यातनं 1930 साली पहिली दोन मुलं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेली. तीच इव्हान्स स्कॉलर्स फाउंडेशन आजही चालू आहे, ट्यूशन आणि राहणं दोन्ही मिळतं, आणि आतापर्यंत हजारो मुलंमुली यातून पदवीधर झाल्या. अट काय तर कॅडी म्हणून काम चांगलं पाहिजे, मार्क चांगले पाहिजेत, घरची गरज पाहिजे आणि वागणूक पाहिजे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोक्यात एकच आलं, कर्मवीर अण्णांची कमवा आणि शिका! रयतच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायलाच लागत नाही.

आणि पैसा कुठनं येतो हे विचारलंत ना, इथंच खरी गोम आहे. ही संस्था जी असोसिएशन चालवते तीच बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप नावाची मोठी प्रोफेशनल स्पर्धा भरवते, आणि त्यातनं खर्च जाऊन राहिलेले पैसे या मुलांच्या शिक्षणाला जातात. शिवाय क्लबांचे मेंबर दरवर्षी ठरावीक देणगी देतात. एकदाच मोठा चेक असं नाही, दरवर्षी. अमेरिकेतल्या बऱ्याच प्रोफेशनल स्पर्धांची यजमान ही अशी स्थानिक ना-नफा मंडळीच असतात, पार्किंगपासून दोरी धरून उभं राहण्यापर्यंत सगळी कामं व्हॉलंटिअर करतात म्हणून शिल्लक राहते.

फर्स्ट टी 1997 ला सुरू झालं, पीजीए टूर (पुरुष प्रोफेशनलांची स्पर्धामालिका), एलपीजीए (बायकांची), यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना), ऑगस्टावाले (मास्टर्स स्पर्धा भरवणारा क्लब), हे सगळे मिळून मागं उभे राहिले. मुलांना स्विंग शिकवतात हे खरं पण अर्धा वेळ दुसरंच असतं, हात मिळवून नाव सांगायचं, आपला स्कोर आपणच खरा लिहायचा, समोरचा मारत असताना गप्प उभं राहायचं. माझ्या पोराला हे शेवटचं अजून जमलेलं नाही. शाळांमध्ये पण त्यांचा कार्यक्रम जातो, पीटीच्या तासालाच, तिथं कोर्सची गरजच नसते. म्हणजे मास्तर, तुमच्यासारख्यांसाठीच.

आणखी एक आहे यूथ ऑन कोर्स. हे 2006 ला उत्तर कॅलिफोर्नियात सुरू झालं. मुलांनी राउंडचे, म्हणजे कोर्सवरच्या एका पूर्ण खेळाचे, फक्त पाच डॉलर किंवा त्याहून कमी द्यायचे आणि वरचा काही भाग संस्था त्या कोर्सला देते. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते, कारण कोर्सवाल्यावर उपकाराचं ओझं नाही, त्याला रिकाम्या वेळेचे चार पैसे मिळतात, आणि पोराला आपण फुकट आलोय असं वाटत नाही.

येरवड्याचा_बॅगवाला

ताईंनी बॅगा उचलायचं काढलं म्हणून लिहितो. मूळ गाव खटाव तालुक्यात, वडील पुण्यात आले आणि एका गोल्फ कोर्सवर कॅडी झाले, मी पण दहावीनंतर तेच केलं, आता रेंजवर, म्हणजे बॉल मारायच्या सरावाच्या जागेवर, शिकवतो. कॅडीचं आयुष्य लांबून बरं दिसतं, हिरवळीवर फिरायचं. पण राउंड मिळाला तर पैसे, पावसाळ्यात कोर्स बंद असला की घरी बसायचं, पगार नाही फंड नाही. आमच्यातली पोरं खेळ शिकली ती कोर्स मेंबरांना बंद असायचा त्या दिवशी, सोमवारी, तुटकी स्टिक जोडून. मुंबईत चेंबूरला तर कॅडी पोरं वस्तीतल्या बोळात लोखंडी सळई वाकवून त्याची स्टिक करून प्लास्टिकच्या बॉलनं खेळायची, पेपरवाले येऊन फोटो काढून गेले.

भारतात कॅडीतनं वर आलेले लई आहेत. अली शेर, दिल्लीचा, कॅडी म्हणून सुरुवात केलेला, 1991 ला इंडियन ओपन जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. मास्तर तुमच्या मेव्हण्यांच्या महूचेच मुकेश कुमार, 2016 ला पॅनासॉनिक ओपन जिंकली तेव्हा वय 51, मेव्हण्यांना विचारा ते ओळखत असणारच.

पण यातली गोष्ट अशी की ही सगळी माणसं आपल्या नशिबानं आणि एखाद्या चांगल्या मेंबरच्या मेहरबानीनं वर आली. साहेबाचा मूड चांगला तर बूट मिळाले, साहेबाची बदली झाली तर बूट पण गेले. संस्था पाहिजे ती यासाठी. मेहरबानी नको, रजिस्टरवर नाव पाहिजे, की ह्या पोराला वर्षभर एवढे बॉल, एवढं कोचिंग, एवढ्या स्पर्धांची एंट्री फी आणि एसटीचं भाडं मिळणार.

दिल्लीत द गोल्फ फाउंडेशन आहे, अमित लुथरांनी काढलेलं. 1982 च्या एशियाडला भारताच्या टीमला सोनं मिळालं होतं त्या टीमतले. त्यांनी शुभम जगलान नावाचं पोर उचललं. हरियाणात पानिपतजवळ इसराना गाव, दूधवाल्याच्या घरातलं पोर. तिथं एका परदेशातल्या गाववाल्यानं गोल्फची अकादमी काढली होती, ती काय फार टिकली नाही, पण हे पोर शेतात एकटंच मारत राहिलं. मग फाउंडेशननं दिल्लीत आणलं, कोचिंग दिलं, आणि 2015 ला अमेरिकेत जाऊन लहान वयोगटातल्या दोन ज्युनिअर वर्ल्ड स्पर्धा जिंकून आलं. आता बघा मास्तर, ह्या एकाच गोष्टीत दोन्ही बाजू हायत. हौसेनं काढलेली अकादमी बंद पडली, आणि चिवटपणे मागं राहणाऱ्या संस्थेमुळं पोर टिकलं. जागा, जाळी, स्टिका ह्या सगळ्या मिळत्यात वो. रोज सकाळी सहाला उभा राहणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला पगार द्यायला कुणी तयार नसतं. देणगीदाराला स्टिकेवर नाव टाकता येतं, कोचच्या पगारावर कसं टाकणार.

तुमच्यासाठी फुकट सल्ला. पोरांना सुरवातीला सेट लागत नाही. एक सात नंबर आयर्न (मधल्या अंतराची लोखंडी स्टिक) आणि एक पुटर (भोकाजवळ बॉल हळू ढकलायची स्टिक), बास. चौदा स्टिका बाळगायची परवानगी आहे म्हणून चौदा घ्यायच्या नसतात. मोठ्यांची स्टिक कापून लहान करतात लोक, त्यात डोकं जड होतं आणि पोरांचा हात बिघडतो, त्यापेक्षा बायकांच्या जुन्या स्टिका शोधा. आणि खरा बॉल माळावर मारताना पुढं जनावरं, माणसं नाहीत ना बघा, डोक्याला लागला तर माणूस जाईल. आधी प्लास्टिकचा बॉल, मग जाळी.

कोरेगावचा_पीटी_मास्तर

ताई, दादा, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मेव्हण्यांना वाचून दाखवलं, मुकेश कुमारचं नाव निघाल्यावर तासभर थांबले नाहीत.

सांगलीकर दादा, कुस्तीशी माझं वैर नाही, माझे आजोबा तालमीतले. पण एक सांगू का, महाग खेळ आपल्याकडं वाढत नाही हे मला पटत नाही. अदिती स्वामी आपल्या साताऱ्याचीच. कंपाउंड धनुष्य काय स्वस्तात येतं का. उसाच्या शेताकडंच्या मैदानावर सराव करून 2023 ला बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, सतरा वर्षांची पोरगी, आणि त्याच वेळी साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे पण पुरुषांत वर्ल्ड चॅम्पियन झाला. फक्त तिच्या वडिलांनी, ते शिक्षक आहेत, कर्ज काढलं असं पेपरात वाचलेलं. तिथं मी अडतो. प्रत्येक बाप कर्ज काढू शकत नाही. ऊसतोडीच्या बापाला तर मुकादमाची उचलच फेडायची असती.

आता मला खरी माहिती पाहिजे ती कागदपत्रांची. ट्रस्ट काढावा की सोसायटी, आणि साताऱ्यातल्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कंपन्या सीएसआरमधनं (समाजकामासाठी कंपन्यांना खर्चावा लागणारा पैसा) गोल्फला पैसे देतील का? का तोंडावर हसतील?

मिरजेचा_सीए

हसतील, पण नियमानं देऊ शकतात. एक एक करून सांगतो.

कंपनी कायदा 2013, कलम 135. निव्वळ नफा 5 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नेटवर्थ 500 कोटी, यातलं काही एक असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर घालवावे लागतात. कशावर घालवायचे त्याची यादी शेड्यूल सातमध्ये आहे आणि त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांचं प्रशिक्षण आहे. गोल्फ 2016 पासून परत ऑलिंपिकमध्ये आहे, टोकियोला अदिती अशोक चौथी आली होती ते आठवत असेल, त्यामुळं गोल्फचं प्रशिक्षण बसतं. प्रशिक्षण हा शब्द लक्षात ठेवा. कंपनीच्या साहेबांसाठी स्पर्धा भरवली आणि बॅनर लावला तर ते सीएसआर नाही, जाहिरातीसाठीची स्पॉन्सरशिप नियमात चक्क वगळलेली आहे. फक्त आपल्याच कामगारांच्या पोरांसाठी केलं तरी चालत नाही.

आता अडचण. संस्थेकडं 12ए (संस्थेला आयकर माफीची नोंदणी) आणि 80जी (देणगीदाराला करसूट) पाहिजे, एमसीएकडं (केंद्राचं कंपनी मंत्रालय) सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे, आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे तुम्ही आज संस्था काढून उद्या कंपनीत गेलात तर एचआरवाला चहा पाजून परत पाठवेल. म्हणून माझं मत, आणि हे मी माझी फी बुडवून सांगतोय, नवी संस्था काढूच नका. तुमच्या तालुक्यात एखादं जुनं क्रीडा मंडळ, व्यायामशाळा, शिक्षण संस्था असेल जिचे ऑडिट वेळेवर झालेत आणि धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट पेंडिंग नाहीत (हे तपासा, निम्म्या मंडळांचे मेलेले विश्वस्त अजून कागदावर जिवंत असतात), त्यांच्यात एक गोल्फ विभाग म्हणून सुरू करा. ठराव करा, वेगळं बँक खातं ठेवा, पोरांची हजेरी ठेवा, फोटो ठेवा. खेळाच्या प्रशिक्षणाचा अनुभव त्यांचा, गोल्फ तुमचा.

तरी काढायचीच असेल तर सोसायटी 1860 च्या कायद्याखाली, सात माणसं लागतात, आणि आपल्याकडं ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली पण नोंदवावी लागते. त्या सातात सगळे मेव्हणे-भाचे घेऊ नका. कंपनीवाले आणि खात्यावाले दोघंही तेच आधी बघतात.

देणगीदारांना सांगताना खरं सांगा. 80जी ची सूट बहुतेक 50 टक्के असते, जुन्या टॅक्स रिजिममध्येच मिळते, रोख दिले तर 2000 च्या वर चालत नाही. आणि वस्तू दिल्या तर सूट नाही. म्हणजे पुण्याचा एखादा साहेब लाखाचा जुना सेट देतो आणि पावती मागतो, तर वस्तू मिळाल्याची पोच द्या, 80जी ची पावती देऊ नका, नंतर तुमच्याच गळ्यात येईल.

कृष्णाकाठचा_सांगलीकर

सीए साहेबांनी चांगलं सांगितलं, ते मेलेल्या विश्वस्ताचं तर आमच्या गल्लीतच हाय. मास्तरांचं उचलीचं पण पटलं. आणि कर्जाचं म्हणाल तर खाशाबा जाधवांना 1952 ला हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, गावानं वर्गणी काढली, तेव्हा कुठं ब्राँझ आलं. तेव्हा संस्था नव्हती, माणसं होती. आता माणसं कमी झाली म्हणून संस्था पाहिजे, मान्य.

पण माझा पाण्याचा प्रश्न कुणी सोडवला नाही. उद्या तुमच्या पोरांनी मेडल आणलं की कुणीतरी पुढारी म्हणणार चला आता कोर्स करू, आणि कासच्या बाजूला नाहीतर धरणाच्या काठाला प्लॉटिंगसकट गोल्फ रिसॉर्ट निघणार. संस्था बाजूलाच राहणार आणि बिल्डर येणार. हे होणारच नाही असं छातीवर हात ठेवून सांगा.

माणदेशी_माळरान

छातीवर हात कुणीच ठेवू शकत नाही दादा, रिसॉर्टवाल्यांना संस्थेची गरज नसतीच, ते तसेही येतील. पण पाण्याचं सांगतो, मी म्हसवडकडचा, शेती खात्यात काम केलंय.

गोल्फला हिरवंगार लागतं हे टीव्हीमुळं झालेलं डोक्यातलं. कोरड्या मुलखात ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) जागी ब्राऊन असतात. बारीक वाळूत तेल मिसळून, दाबून, सपाट केलेली गोल जागा, त्यात भोक. पुट मारायच्या आधी रेघ ओढायचं फळकुट फिरवतात. फौजेच्या छोट्या कोर्सवर हे असतंय, मास्तरांच्या मेव्हण्यांना माहीतच असणार. आणि हे गरिबांचं काहीतरी आहे असं समजू नका, अमेरिकेतला पाइनहर्स्ट नंबर दोन म्हणून जो जगातला नावाजलेला कोर्स आहे तिथं 1935 पर्यंत वाळूच्याच ग्रीन होत्या. अमेरिकेच्या मधल्या कोरड्या भागात अजूनही गावकरी असले कोर्स चालवत्यात.

आणि गवताचं म्हणाल तर गरम प्रदेशातल्या कोर्सवर जे बर्म्युडा गवत लावतात ती आपली हरळी. तीच, जी उसात आली की आपण भांगलून भांगलून मरतो. साहेब लोक तिचं बी परदेशातनं मागवतात! अर्थात कोर्सवरचे वाण निवडक, बारीक पानाचे, पण कूळ तेच. माळावर हरळी असंल तर उन्हाळ्यात वाळती, पाऊस पडला की परत येती, तेवढ्यात पोरांचं काम भागतंय. इकडं आपल्याला कोर्स करायचाच नाही, दोन-तीन एकराचा माळ, पाच-सहा भोकं, थोड्या थोड्या अंतरावर. संस्थेनं घटनेतच लिहून टाकावं की कोर्स बांधणं, जागा विकत घेणं आणि प्लॉट हे आपलं उद्दिष्ट नाही. सीए साहेब, असं लिहिता येतं ना?

म्हसवडला माणदेशी फाउंडेशन पोरांच्या खेळाचं काम बरीच वर्षं करतंय, आमच्या मोहीची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांवरनं धावायची शर्यत) फायनलला दहावी आली तो तालुका हा. त्यांच्याकडं जाऊन बघा मास्तर, गोल्फसाठी नाही, पोरांच्या खेळाचं काम टिकवायचं कसं हे बघायला.

मिरजेचा_सीए

उद्दिष्टांत जे लिहिलंय तेवढंच संस्था करू शकते, त्यामुळं नुसतं "ग्रामीण मुलामुलींना गोल्फचं विनामूल्य प्रशिक्षण" एवढं लिहिलं तरी पुष्कळ अडवता येतं. आणि विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यामुळं मिळकत नसलेली बरी, डोक्याला ताप नाही.

सातारकरीण_शिकागो

एक राहिलं. मास्तर, सुरुवातीला कोणी मोठी रक्कम देतो म्हणाला तर आनंदात वाहून जाऊ नका. इथं मी बघते, पन्नास लोक दरमहा थोडं थोडं देणारे असले की कोचचा पगार निघतो, आणि एक मोठा देणगीदार रुसला की सगळं थांबतं. साताऱ्याबाहेर गेलेली आपली पोरं किती आहेत, पुण्यात, बंगलोरला, इकडं. महिन्याला एका पिझ्झाचे पैसे मागा. परदेशातनं थेट घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) लागतं, ते तुम्हाला लवकर मिळणार नाही, पण भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या इथल्या खात्यातनं दिले तर ती अडचण नसते अशी माझी समजूत आहे, सीए दादा सांगतील.

मिरजेचा_सीए

बरोबर आहे, भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत, एनआरआय असला तरी. पासपोर्ट बदलला की मग धरतात. प्रत्येकाकडनं पासपोर्टची झेरॉक्स घेऊन फाइलला लावा.

कोरेगावचा_पीटी_मास्तर

आज आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांशी बोललो. ऑडिट झालेलं आहे, विश्वस्त सगळे जिवंत आहेत (एक आजारी आहेत). गोल्फ विभागाचा ठराव पुढच्या मिटिंगला घेऊ म्हणाले, अट एकच, मंडळाच्या कबड्डीच्या मैदानाला हात लावायचा नाही. मान्य केलं.

मेव्हणे पहिली काही वर्षं पगार घेणार नाहीत म्हणतात, फौजेची पेन्शन आहे. पण बॅगवाल्या दादांचं वाचून मी ठरवलंय की पगाराची ओळ पहिल्या बजेटपासून ठेवायची, मेव्हण्यांनी नको म्हटलं तर ते पैसे बाजूला टाकायचे, कारण त्यांच्यानंतर जो येईल तो फुकट येणार नाही. वाळू आणि जुनं इंजिन ऑइल मिळतंय पण ऑइल जमिनीत मुरून विहिरीला लागंल अशी शंका आहे, माणदेशी सर यावर जरा सांगा, नाहीतर नुसती धुतलेली वाळू दाबून बघतो.

आणि बॅगवाले दादा, ती सातवीतली पोरगी डावखुरी निघाली वो. आत्तापर्यंत उजवी स्टिक उलटी धरून मारत होती. डावी सात नंबर कुठं मिळंल?

येरवड्याचा_बॅगवाला

उलटी धरून सरळ मारत होती?? मास्तर तिला दुसऱ्या खेळाला जाऊ देऊ नका.

डावी स्टिक जुन्यात मिळणं अवघड, डावे मेंबरच कमी. पण आमच्या रेंजवर एक मॅडम आहेत डावखुऱ्या, सेट बदलणार म्हणत होत्या, त्यांना विचारतो. तोपर्यंत तिला उजवीनं खेळायची सवय लावू नका, कितीतरी कोच हेच करतात, डावी स्टिक नाही म्हणून. त्यापेक्षा डाव्या हाताला फक्त पुटिंग करू दे, दोन्ही बाजूनं मारता येणारा पुटर मिळतो, तो माझ्याकडंच एक पडलाय. स्वारगेटवरनं कोरेगावला येणाऱ्या गाडीत ठेवून देतो, कंडक्टरला सांगून. मेसेज करा कुठल्या गाडीला येताय ते. आणि जुनं इंजिन ऑइल अजिबात नको, पोरं त्या वाळूत हात घालणार.